मातीने नाकारलेलं पाणी

पाणी पडलं आणि मुरलंच नाही. पाइनच्या जुन्या झाडाखालच्या वाळक्या मातीवर त्याचे टपोरे मणी झाले, जागच्या जागी थरथरले आणि उतारावरून घरंगळत पाचोळ्यात शिरले. जिथे ते सांडलं होतं तिथली माती कोणीतरी चाचपून पाहिली, तर कोरडीठाक.

"अगं बाई!" गर्दीत एकजण किंचाळली. मग सगळ्यांनाच कंठ फुटला. मागचे टाचा उंचावून बघायला लागले, पुढचे घाबरून मागे सरले आणि मधल्यांची चेंगराचेंगरी झाली.

झाडाखाली गुडघ्यांवर बसलेल्या तरुण बाईच्या हातात रिकामा तांब्या होता.

"बघितलंत?" मातीबाबा गरजला. अंगात मातकट कफनी, कपाळावर चिखलाचा पट्टा, नखं मात्र नुकतीच कापल्यासारखी स्वच्छ. "माती काय खाते? सगळं खाते! राजा खाते, भिकारी खाते, तुम्हाला खाईल, मला खाईल. पण माती खोटं पीत नाही! जिच्या हातून जीव गेला, तिच्या हातचं पाणी मातीला चालत नाही!"

मग त्याने स्वतःची पितळी झारी उचलली, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला आणि शेजारीच वीतभर अंतरावर धार धरली. ते पाणी मातीने घटाघटा पिऊन टाकलं. तिथे ओला, काळा डाग तेवढा उरला.

"तहान होतीच बरं का मातीला," तो हात झटकत म्हणाला. "तिला नको होते ते हात!"

गर्दीच्या अगदी मागे, खांद्याला प्रवासी पिशवी तशीच लटकवून थोरली उभी होती. गुडघ्यांवर बसलेली ती तिची धाकटी बहीण. थोरली कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि झाडांच्या मुळांवर राहणाऱ्या बुरशीच्या अभ्यासात तिची अर्धी हयात गेली होती. पाण्याचा पहिला मणी घरंगळला तेव्हाच काय चाललंय ते तिला कळलं. दुसऱ्या कोणावर ही वेळ असती तर ती खो खो हसली असती. पण बहिणीच्या हातातला तो रिकामा तांब्या पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं होतं ते असं. पाइनची रोपं तयार करणारी ही नर्सरी. कामगार आवारातल्याच चाळीत राहायचे. धाकटीचा नवरा पंप सांभाळायचा. मागच्या महिन्यात एका सकाळी तो ओल्या पायांनी पंपाच्या खोलीत शिरला आणि आतून ओरडला, "कर गं चालू!" बाहेर भिंतीवरचं बटण तिने दाबलं. तो काही बाहेर आला नाही.

आता, त्या खोलीतल्या वायरीचं वेष्टण कधीचं सोलून निघालं होतं हे आवारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मालकालाही होतं. पण पोटचा मुलगा गेलेल्या सासूला काहीतरी कारण हवं होतं आणि मालकाला ते कारण वायरीत सापडायला नको होतं. अशा वेळी बाबा लोक बरे वेळेवर उगवतात! हा तर थेट मालकाच्या पाहुण्यांच्या खोलीत उगवला आणि मालकाच्याच ताटात जेवायला बसला.

"निकाल साधा आहे," मालक पुढे होऊन म्हणाला. आवाजात कसा लोण्याचा गोळा. "मी काही कोणावर आरोप करत नाही. पण पुढच्या रविवारी मातीला पुन्हा एकदा विचारू. बाबांचा नियम आहे, ज्याची परीक्षा त्याच्या घरचं पाणी. तेव्हाही तिने नाकारलं, तर हिने आवार सोडावं. हिची पोरगी आहे तशी आजीपाशीच राहील. लेकराच्या भल्यासाठीच म्हणतोय मी."

"थांबा!" थोरली गर्दीतून वाट काढत पुढे घुसली. "याचा आणि हिच्या हाताचा काडीचा संबंध नाही! या झाडाच्या मुळांवर बुरशी राहते. तिच्या धाग्यांच्या पेशीभित्तिकेत एक प्रकारची प्रथिनं असतात. ती पाण्याला दूर ठेवतात. माती वाळली की ती प्रथिनं मातीच्या कणांवर..."

"प्रथिनं?" कामगार बायकांतली एक मोठ्याने म्हणाली. तिच्या आवाजामुळे आवारात तिला सगळे भोंगाच म्हणायचे. "प्रथिनं अंड्यात असतात ना हो? दवाखान्यात तर तसंच सांगतात!"

हशा पिकला. बाबा तर टपलेलाच होता. "घ्या! शिकलेल्या बाई आल्या आणि मातीत अंडी शोधायला लागल्या! ताई, मातीत काय आहे ते मी दाखवतो." त्याने काठीने पाचोळा उकरला. खाली मातीच्या ढेकळांना पांढऱ्या तंतूंचं दाट जाळं लपेटलं होतं. "हे बघा! मेलेल्याचे केस! तो पाळंमुळं धरून बसलाय इथे, न्याय मागतोय!"

चार माणसं एकदम मागे हटली. सासूने तोंडात पदराचा बोळा कोंबला. थोरली अजूनही बोलत होती, पण आता तिचं ऐकणारं कोणी नव्हतं.

धाकटीच्या खोलीत एक पलंग, एक ओटा आणि कोपऱ्यात मोरी. मधली भिंत एकच आणि तीही पातळ. पलीकडे सासूची खोली. पलीकडून तिच्या चार वर्षांच्या लेकीचा, चिमणीचा आवाज येत होता. "आजी, आई कधी येणार?" मग काहीतरी दटावल्यासारखं. मग काहीच नाही.

धाकटी भिंतीला कान लावून बसली होती.

"चल, पोरगी घेऊन येऊ," थोरली म्हणाली. "कोणाच्या बापाची भीती आहे?"

"नको ताई." धाकटीचा आवाज खोल गेला होता. "बटण मीच दाबलं."

"त्याने सांगितलं म्हणून दाबलंस!"

"पण दाबलं मीच ना? मला रात्रंदिवस तेच दिसतं. आणि मातीचं काय? मातीला कोणी पढवलं का? तिला मी ना ओळखीची ना पाळखीची. ती कशाला खोटं सांगेल?"

थोरलीला रडू आवरेना आणि राग त्याहून आवरेना. नवरा गेला, पोर हिसकावली, आणि वर त्या भामट्याने हिच्याच मनात हिच्याविरुद्ध साक्षीदार बसवून ठेवला! ती तरातरा बाहेर गेली, झाडाखालची माती ओंजळभर घेऊन आली आणि ताटलीत पसरली.

"घाल पाणी."

धाकटीने भीत भीत घातलं. मणी झाले, घरंगळले. तिने डोळे मिटून घेतले.

"उघड डोळे! आता मी घालते." थोरलीने घातलं. तसेच मणी, तसेच घरंगळले. "बघ! आता मी कोणाचा जीव घेतला, सांग?"

धाकटी मणी बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तू माझ्याच रक्ताची ना, ताई."

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. भीती एकदा डोक्यात शिरली की प्रत्येक पुराव्याला पळवाट काढून देते. ती उठली, मोरीतल्या भांडी घासायच्या पातळ साबणात बोट बुडवलं, ते तांब्यात ढवळलं आणि तांब्या बहिणीच्या हातात दिला. "आता तूच घाल. तुझ्याच पापी हातांनी!"

धार पडली आणि माती पाणी प्यायली. सगळंच्या सगळं.

धाकटीने ताटलीतल्या ओल्या मातीत बोट खुपसलं, बाहेर काढलं, पुन्हा खुपसलं. "म्हणजे बाबाच्या झारीत..."

"त्याच्या ओल्या डागाच्या कडेला फेस होता बारीक. माती आणताना मी खाली वाकून वासही घेतला. लिंबाचा! या तुझ्या साबणासारखाच."

"मग आत्ताच सगळ्यांना सांगू या! चल!"

"सांगून झालं की मघाशी. त्यातून अंडी निघाली," थोरली करवादली. "आता सांगायचं नाही. दाखवायचं."

आठवडाभर ती रजा टाकून तिथेच राहिली आणि बायकांच्या कामात लुडबुड करत हिंडली. पिशव्या भरायचं काम चाललं होतं. प्रत्येक काळ्या पिशवीत खत-माती भरून झाली की बायका जुन्या झाडाखालच्या मातीची एक चिमूट तिच्यात टाकायच्या. त्याला त्या विरजण म्हणायच्या.

"ते नाही घातलं तर?" थोरलीने विचारलं.

"रोप पिवळं पडतं," भोंगा म्हणाली. "वाढतच नाही मेलं. थोरल्या मालकांनी घालून दिलेली रीत आहे ही."

भरलेल्या पिशव्या मग उथळ हौदात उभ्या करून ठेवायच्या. पाणी बुडाकडून आपोआप वर चढायचं. वरून झारीने घातलं तर कोवळी रोपं कलंडतात, ही आणखी एक जुनी रीत. राहता राहिलं ते जुनं झाड. त्याला कोण पाणी घालतंय? ते आपलं आपण बघायचं, आणि पावसाळ्यात तिथली माती सावकाश, चिंब भिजायचीच. थोरली मनातल्या मनात हात चोळत राहिली. जन्मभर जी माती या बायकांच्या नखांत गेली, तिच्यावर भर उन्हाळ्यात वरून पाणी ओतून बघायची वेळ यांच्यापैकी एकीवरही कधी आली नव्हती. तेवढ्याच फटीतून तो भामटा आत शिरला होता.

रविवारी गर्दी दुप्पट होती. मालकाने खुर्च्या मांडल्या होत्या, म्हणजे तमाशाला काही कमी पडायला नको. धाकटीने घरच्या नळाचं पाणी आणलं, ओतलं. मणी झाले. लोकांनी हुंकार दिला.

"झाला निकाल!" बाबा म्हणाला.

"झाला," थोरली म्हणाली आणि तिने चक्क हात जोडले. "मी हरले, बाबा. तुमच्यापुढे आमचं पुस्तकी ज्ञान म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एकच विनंती. पोरगी आता कायमची आजीच्या हातात जाणार. ते हातही एकदा मातीला दाखवू या. म्हणजे कोणाच्या मनात किंतू नको."

बाबा हसला. "दाखवू की! या माई, ही घ्या झारी."

"छे छे! नियम म्हणजे नियम. ज्याची परीक्षा त्याच्या घरचं पाणी, हे तुम्हीच ठरवलंत ना? माई, नळाचा तांब्या भरून आणा."

बाबाचं हसू ओठांवरच वाळलं. "आज... मातीला फार त्रास झालाय. एका दिवशी दोनदा..."

"आणू दे की पाणी!" भोंगा ओरडली. "माईंना कसली भीती?"

सासूला खरंच भीती नव्हती. चिमणीचा हात सोडून ती ताठ चालत गेली, पाणी घेऊन आली, झाडाखाली बसली आणि मुलाचं नाव घेत धार धरली.

पाण्याचे मणी झाले. घरंगळले. तिच्याच पायाशी येऊन फुटले.

नर्सरीचा मुकादम म्हणाला, "म्हणजे... हिनेच?"

"तरीच!" मागून एक आवाज आला. "सुनेवर एवढी आगपाखड करत होती ती!"

"पोटच्या पोराला खाल्लं गं हिने!"

थोरलीने कल्पना केली होती की लोक आता बाबाकडे बघतील. लोक बघत होते म्हातारीकडे. मघाशी सुनेवर रोखलेली तीच बोटं, तशीच्या तशी, फक्त कोन बदलून सासूवर रोखली गेली होती. सासू तांब्या धरून बसली होती आणि स्वतःच्याच हातांकडे परक्याचे हात असावेत तशी बघत होती. थोरलीला उमगलं, हे आपण केलं होतं.

"लाज वाटते का रे कोणाला!" ती अशी ओरडली की खुर्चीतला मालकही दचकला. "काल हिला खुनी म्हणत होतात, आज तिला! अरे, परीक्षाच खोटी असेल असं एकाच्याही डोक्यात येत नाही? आण तो तांब्या इकडे!" तिने स्वतः ओतलं. मणी. "मीही खुनी! मुकादम, या पुढे! या ना, आता का पाय मागे?"

मुकादमाने ओतलं. मणी. भोंगाने ओतलं. मणी. "अगं माझे आई," भोंगा पुटपुटली, "मी तर साधी कोंबडीसुद्धा कापली नाही कधी."

"मालक, तुम्ही?"

"मला काम आहे," मालक उठत म्हणाला.

"बसा!" हे थोरली नव्हती म्हणाली. सासू म्हणाली होती. मालक बसला.

धाकटी उठली. तिने पदराखालून बाटली काढली, तांब्यातल्या उरलेल्या पाण्यात साबणाचे चार थेंब पाडले, ढवळले आणि झाडाखाली ओतलं. माती प्यायली.

"साबण," ती म्हणाली. "भांडी घासायचा. त्याच्या झारीत पण हाच आहे."

"पाखंड!" बाबा ओरडला. "माझं पाणी मंत्राचं आहे! पवित्र..."

"पवित्र आहे ना? मग घ्या दोन घोट," थोरली म्हणाली. "सगळ्यांसमोर. बिघडतंय काय?"

बाबा झारी छातीशी धरून मागे सरकला. पण भोंगाचा हात आवाजाइतकाच दांडगा होता. तिने झारी हिसकावली, तोंडावर तळवा दाबला आणि खसाखसा हलवली. हात काढताच फेस भसाभसा वर आला आणि तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"अय्या!" चिमणी टाळ्या पिटत म्हणाली. "बाबांच्या झारीत फुगे!"

असं हसू त्या आवारात महिनाभरात फुटलं नव्हतं. बाबाने कफनी सावरली आणि फाटकाची वाट धरली. जाता जाता तो शाप देत होता, पण फेसाळलेल्या शापाला कोण भीक घालतंय?

थोरली झाडाखाली बसली. या वेळी तिने पेशीभित्तिका वगैरे शब्द गिळून टाकले. पांढऱ्या तंतूंचं एक ढेकूळ तिने भोंगाच्या हातावर ठेवलं. "हे मेलेल्याचे केस नाहीत. हेच तुमचं विरजण. ही बुरशी मुळांना बिलगून राहते. मुळं पोचत नाहीत तिथून पाणी आणि खत झाडाला आणून देते, आणि झाड तिला साखर देतं. म्हणून तर त्या चिमटीशिवाय तुमची रोपं पिवळी पडतात."

"मग पाणी का नको हिला?" भोंगाने विचारलं. या वेळी चेष्टा नव्हती.

"तिच्या धाग्यांवर एका प्रथिनाचं अस्तर असतं. अंड्यातलं नाही हो, वेगळं! त्याची एक बाजू पाण्याला धरते, दुसरी पाण्याला ढकलते. त्याच्या जोरावर धागा ओलाव्यातून वर हवेत येऊ शकतो, मुळाला चिकटू शकतो. उन्हाळ्यात माती वाळली की ते अस्तर आणि या पानांतलं मेण मातीच्या कणाकणाला लागून राहतं. मग पाणी वरच्या वर घरंगळतं. साबणाने पाण्याचा ताण मोडला की ते आत शिरतं. बुरशीला कोणाचे हात कळत नाहीत. तुमचे नाही, माझे नाही, हिचे नाही, माईंचेही नाहीत."

सासू अजून तिथेच बसली होती. तिने मान वर केली आणि कोरड्या आवाजात विचारलं, "मग माझा मुलगा कशाने गेला?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि महिनाभर तोंड उघडायची एकाचीही छाती झाली नव्हती. आता एकेक मान पंपाच्या खोलीकडे वळली. शेवटी मुकादमच खाली बघत म्हणाला, "वायर सोललेली होती, माई. मी दोनदा सांगितलं होतं मालकांना."

"मला सांगितलं नाहीस," सासू म्हणाली.

सासू उठली. मालकाच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. "चला," ती म्हणाली, "दाखवा ती वायर. पोलीस येईपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. मी दारात बसणार आहे." मालक काहीतरी बोलायला गेला, पण त्याच्या मागे भोंगा येऊन उभी राहिली होती आणि भोंगाच्या मागे सगळ्या बायका.

मग सासू सुनेकडे वळली. तिने चिमणीला उचललं आणि सुनेच्या कडेवर दिलं. माफी वगैरे काही मागितली नाही. नुसती म्हणाली, "तिने सकाळपासून काही खाल्लं नाही. तुझ्याच हातचं हवंय म्हणते."

धाकटीने लेकीला असं आवळलं की चिमणी "आई, दुखतंय!" म्हणून ओरडली.

तेव्हा बाबांनो, माती बघायची असेल तर खाली वाकून हातात घेऊन बघा, पाणी ओता, साबण घाला, पुन्हा ओता. ती बिचारी जे आहे तेच दाखवते. आणि माणूस कशाने मेला हे विचारायचं असेल तर मातीला विचारू नका. वायरीपाशी जा.